तालुक्याच्या गावी राहून मापात बसणारे कपडे कसे मिळवावेत : सातारा-सांगली जिल्ह्यांतील महिलांसाठी क्रमवार मार्गदर्शन

वडूज, दहिवडी, जत, आटपाडी किंवा कवठे महांकाळ येथे राहणाऱ्या स्त्रीला ऑफिसला घालण्याजोगी पँट, दंडात न काचणारा कुर्ता किंवा योग्य मापाचे अंतर्वस्त्र हवे असेल, तर गावातील चार दुकाने पाहून झाली की पर्याय संपतात. साड्या भरपूर मिळतात, लेगिंग सर्व रंगांत मिळते, पण डबल एक्सएलच्या पुढचे माप मागितले की दुकानदार मान हलवतो. ही तक्रार खरी आहे. तरीही पैसे वाया जाण्याचे मोठे कारण दुकानांची कमतरता हे नसून चुकलेला क्रम हे आहे. बहुतेक जणी आधी कापड घेतात, मग शिंप्याकडे जाऊन माप देतात, शिवून आलेला कपडा धुतात आणि तो आटल्यावर नवे अंतर्वस्त्र घ्यायला निघतात. खाली दिलेला क्रम जवळजवळ याच्या उलट आहे आणि तो मध्येच मोडू नये.

तयारीसाठी शिंपी वापरतात ती ६० इंची टेप, एक छोटी वही आणि सध्या अंगाला सर्वांत चांगले बसणारे दोन कपडे, म्हणजे एक कुर्ता आणि एक ब्लाउज, एवढे पुरेसे आहे. धातूची किंवा सुताराची टेप चालत नाही. खूप जुनी कापडी टेप ताणून लांबलेली असू शकते, म्हणून ती एकदा पट्टीवर तपासून घ्यावी.

## १. सुरुवात अंतर्वस्त्रापासून

ब्लाउज, कुर्ता आणि शर्ट या तिन्हींचे छातीचे माप आतल्या कपड्यावर अवलंबून असते. जुन्या, सैल पडलेल्या ब्रेसियरवर दिलेले माप नवी ब्रेसियर घातली की इंचभर तरी बदलते, टक्सची (छातीजवळच्या चिमटीच्या शिवणींची) जागा खाली-वर होते आणि दोष शिंप्याच्या माथी जातो. म्हणून पहिली खरेदी हीच असावी.

काउंटरवर पुरुष विक्रेता असला की अनेक जणी घाईने “छत्तीस द्या” म्हणून बाहेर पडतात, आणि तो छत्तीस आकडा बहुधा ब्लाउजच्या मापाचा असतो. माप घरीच घ्यावे. छातीच्या लगेच खालचा घेर, टेप पाठीवर आडवी सरळ ठेवून आणि श्वास सोडून मोजावा. तो विषम आला तर पुढच्या सम आकड्यावर न्यावा. मग छातीच्या सर्वांत भरीव भागावरचा घेर मोजावा. या दोन घेरांतील फरक एक इंच असेल तर ए, दोन असेल तर बी, तीन असेल तर सी आणि चार असेल तर डी कप असा ढोबळ हिशेब आहे. उदाहरणार्थ, खालचा घेर ३४ आणि वरचा ३७ असेल तर माप ३४ सी येते. अशा स्त्रीला दुकानात सर्रास ३६ किंवा ३८ बी दिले जाते. काही कंपन्या खालच्या घेरात काही इंच मिळवून आकडा ठरवतात, त्यामुळे त्या-त्या कंपनीच्या डब्यावरचा तक्ता पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

३४ सी मिळालेच नाही तर ३६ बी (पट्टा थोडा सैल) किंवा ३२ डी (पट्टा थोडा घट्ट) ही शेजारची मापे पाहता येतात, कारण कपाचे आकारमान तिन्हींत जवळपास सारखेच असते.

तपासणी : नवी ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावून नीट बसली पाहिजे, इलॅस्टिक पुढे ढिले पडते आणि आतले हुक त्या वेळेसाठी असतात. हात वर केल्यावर पाठीवरचा पट्टा वर सरकत असेल तर पट्टा सैल आहे. अशा वेळी खांद्याच्या पट्ट्या आवळून उपयोग होत नाही, उलट खांद्यावर वळ उठतात.

सावधान : अंतर्वस्त्रे दुकानदार सहसा परत घेत नाहीत आणि ऑनलाइनही बहुतेक ठिकाणी ती परत करता येत नाहीत. तीनच्या पाकिटाचा मोह टाळून आधी एकच घ्यावी आणि ती धुऊन वापरून पाहावी. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलींनी स्पोर्ट्‌स ब्रा घेताना तर हे नक्कीच पाळावे, कारण तिथे चुकीचे माप केवळ गैरसोयीचे ठरत नाही, त्वचा सोलवटते.

## २. मापाच्या दोन याद्या

वहीच्या एका पानावर शरीराची मापे आणि समोरच्या पानावर कपड्याची मापे लिहावीत. या दोन याद्या एकमेकींत मिसळणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

शरीराच्या यादीत छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), खांदा, दंडाचा घेर, बाहीची लांबी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची ही मापे असावीत. ती दुसऱ्या स्त्रीकडून घेतलेली बरी, कारण स्वतः टेप धरताना हात उचलावे लागतात आणि खांद्याचे माप हमखास चुकते. नव्या अंतर्वस्त्रावर, पोट आत न ओढता, नेहमीच्या चपलांवर उभे राहून मापे घ्यावीत.

कपड्याच्या यादीसाठी चांगला बसणारा कुर्ता जमिनीवर सपाट पसरावा, सुरकुत्या हाताने सारख्या कराव्यात आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजून त्याची दुप्पट करावी. छाती ३८ असणाऱ्या स्त्रीच्या कुर्त्याचे हे माप ४० ते ४१ भरते; मधले दोन-तीन इंच म्हणजे शिंप्यांच्या भाषेतले लूजिंग. याच रीतीने कंबर, सीट, मुंढा (बाही जोडलेला काखेचा घेर) आणि दंडाजवळची बाही मोजून ठेवावी. मुंढा शिवणीच्या वळणावरून टेप फिरवून मोजावा, सरळ रेषेत मोजू नये.

हे दुसरे पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावे. ट्रायल रूम नसलेल्या दुकानात आणि ऑनलाइन खरेदीत तेच कामाला येते.

## ३. कोणती वस्तू कोठून घ्यायची, हे घराबाहेर पडण्यापूर्वी ठरवणे

लागणाऱ्या कपड्यांची यादी करून प्रत्येकापुढे गावातील दुकान, शिंपी, ऑनलाइन किंवा शहर असे लिहावे. माझ्या मते रोजचे कुर्ते, परकर, गाऊन आणि लेगिंग गावातूनच घ्यावेत, कारण बदलून मिळणे सोपे असते. ज्यांचे माप बाजारातल्या मापांपेक्षा मोठे किंवा लहान आहे, ज्यांचे दंड भरीव आहेत किंवा ज्यांना अंगावर पिणाऱ्या बाळासाठी पुढे चेन असलेला कुर्ता हवा आहे, त्यांनी तयार कपड्याच्या शोधात न फिरता सरळ कापड घेऊन शिवून घ्यावे. जीन्स, जॅकेट, खेळाचे कपडे आणि अंतर्वस्त्रांची आडमापे ऑनलाइन पाहावीत.

शहरात जायचे ते कापडासाठी आणि ज्या वस्तू अंगावर घालूनच घ्याव्या लागतात त्यांच्यासाठी. साताऱ्यात खण आळी आणि मोती चौकाचा परिसर, सांगलीत कापड पेठ, हरभट रोड आणि मारुती रोड, मिरजेत लक्ष्मी मार्केट ही त्यासाठीची ठिकाणे सर्वांना माहीत आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत असल्याने जाण्याचा खर्च पूर्वीइतका राहिलेला नाही. खर्च होतो तो दिवस. म्हणून दुकानाचा सुट्टीचा वार फोनवर विचारून घ्यावा, सणाच्या आधीचा रविवार टाळावा आणि सकाळच्या गाडीने जावे, म्हणजे दुकान रिकामे असते आणि गाठी सोडून दाखवायला कोणी कुरकुर करत नाही. लग्नाच्या बस्त्याबरोबर स्वतःच्या रोजच्या कपड्यांची खरेदी उरकण्याची पद्धत मात्र सोडावी. दहा माणसांच्या गर्दीत, “ताई, हाच रंग खुलतोय” या आग्रहाखाली घेतलेला कुर्ता कपाटातच राहतो.

## ४. तयार कपडा घेताना

ट्रायल रूम असेल तर कपडा घालून उभे राहण्याबरोबरच बसून पाहावे, दोन्ही हात वर करावेत आणि एसटीत वरचा दांडा पकडल्यासारखा एक हात ताणून पाहावा. ट्रायल रूम नसेल तर काउंटरवर कपडा सपाट पसरून टेप लावावी आणि फोटोतील मापांशी ताडून पाहावे. दुकानदाराला हे नवीन वाटेल, पण कोणी अडवत नाही. लेबलावरच्या एल आणि एक्सएल या अक्षरांवर विसंबू नये. एका कंपनीचा एक्सएल दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा निघतो.

नेमके माप नसेल तर कोणत्या बाजूने चूक परवडते, हे माहीत असावे. खांदा बरोबर असला पाहिजे, कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. छाती, कंबर आणि उंची जास्त असेल तर कमी करता येते. घट्ट असलेला कपडा सैल करायचा असेल तर आत माया, म्हणजे शिवणीत दुमडलेले जादा कापड, हवी, म्हणून कपडा उलटा करून बाजूची शिवण पाहावी. स्वस्त तयार कुर्त्यांत पाव इंचावर कापड कापून ओव्हरलॉक (कडेची गुंफलेली शिलाई) मारलेले असते; तिथे उसवायला काहीच उरत नाही.

बिनबाह्यांचा कुर्ता आवडला तर आत किंवा पाकिटात बाह्यांचे तुकडे दिले आहेत का, ते पाहावे. अनेक कुर्त्यांत ते असतात आणि घरी येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सावधान : तयार कपड्याच्या लेबलावरची एमआरपी सर्व करांसह असते. तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. “बदलून मिळेल” असे तोंडी सांगितले असेल तर किती दिवसांत, ते बिलावर लिहून घ्यावे. दहिवडीहून साताऱ्याला पुन्हा यावे लागणार असेल तर दोन दिवसांची मुदत निरुपयोगी आहे.

## ५. कापड : पन्हा, हिशेब आणि पाणी

“एका कुर्त्याला अडीच मीटर” हे उत्तर अपुरे आहे, कारण ते पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर, अवलंबून आहे. मीटरने विकले जाणारे कापड सामान्यतः ३६, ४४ किंवा ५८ इंच पन्ह्याचे असते. दुकानदाराचे शब्द ऐकावेत, पण टेप लावून पन्हा स्वतः मोजावा.

हिशेब असा करावा. कुर्त्याची उंची ४४ इंच आणि सीट ४० इंच आहे, असे धरू. खालची दुमड आणि खांद्याची शिवण मिळून अडीच इंच धरले तर एका पाख्याची, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या एका भागाची, उंची साडेसेहेचाळीस इंच होते. रुंदीसाठी सीटमध्ये चार इंच लूजिंग मिळवून निम्मे केले की २२ आणि मायेचे तीन इंच धरून २५ इंच येतात. ४४ पन्ह्यात २५ इंचांचे दोन पाखे शेजारी-शेजारी बसत नाहीत, म्हणून दोन उंच्या, म्हणजे ९३ इंच कापड लागते. बाजूला १९ इंचांची पट्टी उरते आणि तिच्यातून बाह्या निघतात. मीटरमध्ये हे सुमारे २.३६ होतात, म्हणून अडीच मीटर पुरते. ५८ पन्ह्यात दोन्ही पाखे शेजारी बसतात आणि एक उंची अधिक बाहीचे २० इंच मिळून सुमारे १.७ मीटर, म्हणजे पावणेदोन मीटर भागते. ३६ पन्ह्यात बाजूला ११ इंचच उरत असल्याने बाह्यांसाठी वेगळे कापड धरून तीन मीटर घ्यावे लागते. सीट ४८ असेल तर पाखा २९ इंचांचा होतो, ४४ पन्ह्यातली उरलेली १५ इंचांची पट्टी भरीव दंडाच्या बाहीला अपुरी पडते, आणि इथेही तीन मीटरच घ्यावे. एका दिशेची नक्षी, काठ किंवा चौकटी जुळवायच्या असतील तर आणखी पाव मीटर जास्त घ्यावे.

ड्रेस मटेरियलच्या पाकिटात टॉपचे कापड बहुधा दोन ते अडीच मीटर असते. वरच्या कागदावर काय छापले आहे याकडे न पाहता घडी उलगडून मोजावे. मोठ्या मापाच्या स्त्रियांची फसगत इथेच सर्वाधिक होते, कारण गळ्यावरचे भरतकाम पाहून पाकीट घेतले जाते आणि बाह्यांना कापड उरत नाही.

आता पाणी. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते. पाच टक्के म्हणजे ४६ इंचांमागे दोन इंचांहून अधिक. गुडघ्याखाली हवा असलेला कुर्ता गुडघ्यावर येतो, तो असा. म्हणून सुती आणि रेयॉनचे कापड शिवायला देण्यापूर्वी काही तास साध्या पाण्यात भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे आणि इस्त्री करावी. अस्तरही वेगळ्या पाण्यात भिजवावे. वरचे कापड भिजवलेले आणि अस्तर कोरे असेल तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडते आणि ब्लाउजच्या पाठीला चुण्या पडतात. रेशमी आणि जरीचे कापड भिजवू नये.

तपासणी : भिजवण्यापूर्वी पांढऱ्या ओल्या फडक्याने कापडाचा कोपरा घासून पाहावा. रंग उतरला तर ते कापड वेगळे धुवावे आणि त्याला फिक्या रंगाची जोड देऊ नये. मिठाच्या पाण्यावर फार विसंबू नये. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही.

## ६. शिंप्याकडे जाताना

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आणि लगीनसराईत शिंप्यांची वही भरलेली असते. घाईत घेतलेल्या कामात पहिला बळी ट्रायलचा जातो, म्हणून दिवाळीचे कपडे गौरी-गणपती उठताच द्यावेत. नव्या टेलरकाकांकडे किंवा घरी शिवणाऱ्या ताईंकडे पहिल्यांदा महागडे कापड देऊ नये. आधी एक साधा सुती ब्लाउज द्यावा आणि तो नीट आला तर पुढचे काम सोपवावे.

मापाचा ब्लाउज देणे सोयीचे आहे, पण त्यात एक मेख आहे. धुऊन ताणलेला, दोनदा उसवून सैल केलेला ब्लाउज दिला की त्यातल्या चुकाही जशाच्या तशा नव्या ब्लाउजात उतरतात. म्हणून मापाच्या ब्लाउजबरोबर चिठ्ठी जोडावी आणि तिच्यावर काय तसेच ठेवायचे व काय बदलायचे ते लिहावे : “खांदा असाच. दंडात अर्धा इंच जास्त. मागचा गळा आठ इंच. बाजूला दोन्हीकडे एक-एक इंच माया. उरलेले कापड परत.” मागचा गळा आकड्यात लिहावा. “थोडा खोल” या शब्दांचा अर्थ प्रत्येक कात्रीपाशी वेगळा असतो. मोबाइलमधला फोटो दाखवायचा असेल तर त्यात पुढची आणि मागची दोन्ही बाजू दिसली पाहिजे.

मुंढ्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण बिघडलेल्या ब्लाउजांचे मूळ बहुधा तिथे असते. काखेत घट्ट वाटले की मुंढा आणखी खाली कापून द्यायला सांगितले जाते. त्याने काच तात्पुरता कमी होतो, पण खाली गेलेल्या मुंढ्यामुळे हात उचलताच अख्खा ब्लाउज वर चढतो आणि पोट उघडे पडते. काखेजवळ बसणारा, पण दंडाला पुरेशी रुंदी असलेला मुंढा खरा आरामदायक असतो. त्यामुळे तक्रार सांगताना “मुंढा मोठा करा” असे न म्हणता नेमके कुठे काचते ते बोट ठेवून दाखवावे. अनेकदा रुंदी बाहीत वाढवावी लागते.

ट्रायल कच्च्या शिलाईवर घ्यावी, हुक, काजे आणि हातशिलाई होण्यापूर्वी. त्या वेळी नवे अंतर्वस्त्रच घातलेले असावे.

तपासणी : हुक लावल्यावर मध्ये फटी पडतात का, टक्सची टोके योग्य जागी येतात का, बसल्यावर कुर्त्याची फट कमरेच्या वर उघडते का आणि दोन्ही बाह्या सारख्या आहेत का, एवढे दुकानातच पाहावे. घरी जाऊन केलेली तक्रार पुढच्या आठवड्यावर जाते.

## ७. ऑनलाइन मागवताना

आधी पिनकोड टाकून दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्यात : वस्तू पोहोचते का, आणि परतीची वस्तू घरून उचलली जाते का. अनेक गावांत पहिली सोय असते, दुसरी नसते. मग पार्सल स्वतःच्या खर्चाने कुरिअरने पाठवावे लागते. अशा वेळी शहरातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या नातेवाइकाचा पत्ता देणे अधिक सोयीचे.

मापाच्या तक्त्याचे शीर्षक वाचावे. तो शरीराचा तक्ता असेल तर वहीचे पहिले पान वापरावे, कपड्याचा असेल तर दुसरे. छाती ३८ असताना कपड्याच्या तक्त्यातील ३८ घेतले तर कुर्ता डोक्यातून खाली उतरणार नाही. इंच आणि सेंटिमीटर यांची गल्लतही इथेच होते. अभिप्राय वाचताना ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहावेत आणि “एक माप मोठे घ्या” असे अनेकींनी लिहिले असेल तर ते मानावे.

पार्सल उघडताना, वरचा पत्त्याचा कागद दिसेल अशा रीतीने, सलग व्हिडिओ काढावा. कपडा घालून पाहावा, पण लेबल तोडू नये, अत्तर लावू नये आणि धुऊ तर मुळीच नये. सोशल मीडियावरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांकडे परतीची अट पैसे देण्यापूर्वी लिखित संदेशात विचारावी.

सावधान : “रिफंड देतो, यूपीआय पिन टाका” असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे. पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे मिळण्यासाठी लागत नाही.

## ८. बिघडले तर

अंगाला न बसणे आणि माल सदोष असणे यांत फरक आहे. माप चुकले तर बदलून देणे हे दुकानाच्या धोरणावर अवलंबून असते. मात्र शिवण उसवलेला, डाग असलेला किंवा फाटका कपडा परत घेण्यास नकार देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत आणि दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत असा माल परत करता येतो. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” हे छापील वाक्य सदोष मालाच्या आड येत नाही. आधी बिल आणि फोटो घेऊन दुकानदाराशी शांतपणे बोलावे, कारण लहान गावात तोच दुकानदार पुढेही लागणार असतो. तरीही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी बिल क्रमांक, खरेदीची तारीख आणि दोषाचा फोटो हाताशी ठेवावा, आणि तोपर्यंत तो कपडा शिंप्याकडे दुरुस्तीला देऊ नये.